खान्देशातून रेस्पिरेटरी थेरपिस्ट: बारावीपासून नोंदणी क्रमांकापर्यंत

रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे रुग्णालयात रुग्णाच्या श्वासाचे उपचार सांभाळणारा तंत्रज्ञ, व्हायचं असेल तर वाट नोंदणीपासून उलटी मोजत यावी. नोंदणी करणारी परिषद कोणती पदवी धरते, ते आधी बघायचं. मग ती पदवी कोणतं विद्यापीठ देतं, त्या कॉलेजला रुग्णालय कसं आहे, आणि सगळ्यात शेवटी फी. आपल्याकडे क्रम नेमका याच्या उलट चालतो. बारावीचा निकाल लागला की चौकाचौकात फलक झळकतात, ‘पॅरामेडिकल, नोकरीची शंभर टक्के हमी’. फी परवडते, जागा घराजवळ असते, प्रवेश उरकतो. तीन-चार वर्षांनी एखादं मोठं रुग्णालय नोंदणी क्रमांक मागतं, तेव्हा कळतं की हातातल्या कागदावर नोंदणी होतच नाही. मग धावपळ म्हणजे वरातीमागून घोडं.

काम नेमकं काय

श्वासाशी संबंधित जेवढं काही रुग्णालयात चालतं, त्यातला बराच भाग या माणसाच्या हातात असतो. ऑक्सिजन कोणत्या साधनानं आणि किती द्यायचा, नेब्युलायझर (औषधाची वाफ), बायपॅप (मास्कमधून दाबानं श्वास देणारं यंत्र), व्हेंटिलेटर लावणं आणि त्यावर लक्ष ठेवणं, श्वासनलिकेतली नळी सांभाळणं, सक्शन म्हणजे कफ ओढून काढणं, रक्तवायू तपासणी म्हणजे एबीजी, स्पायरोमेट्री म्हणजे फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजणं, रुग्णाला हळूहळू व्हेंटिलेटरवरून उतरवणं आणि घरी जाताना इनहेलर शिकवणं. औषध लिहून देणं, निदान करणं हे डॉक्टरचं काम. थेरपिस्ट डॉक्टरच्या आदेशावर काम करतो. नावापुढे ‘डॉ.’ लावण्याचा मोह काहींना होतो, तो कायद्यानं महागात पडू शकतो.

खान्देशात या कामाची गरज कुठून येते हे समजून घेतलं, तर शिकताना कशावर भर द्यायचा तेही उमगतं. कापूस आणि केळीच्या पट्ट्यात फवारणीच्या औषधाची विषबाधा. पावसाळ्यात मण्यारीचा दंश. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांचा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आणि त्यात छातीत होणारी गंभीर गुंतागुंत. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जळगावचं २०१८ मध्ये सुरू झालं, नंदुरबारचं २०२० मध्ये. कोविडच्या दुसऱ्या लाटेआधीच तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी नंदुरबारमध्ये ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले, त्याची देशभर चर्चा झाली. पण भिंतीतल्या पाइपातून ऑक्सिजन आला म्हणजे उपचार झाला असं नाही. तो कुणाला किती द्यायचा आणि कधी कमी करायचा, हे पाहणारा माणूस खाटेजवळ लागतो.

कायदा काय म्हणतो

२०२१ मध्ये संसदेनं नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा केला. त्याच्या अनुसूचीत हाच व्यवसाय रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट असं नाव घेऊन आहे. कायद्यात तासांचं गणित आहे: अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला २ ते ४ वर्षांत पसरलेलं किमान २,००० तासांचं शिक्षण, हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी ३ ते ६ वर्षांत किमान ३,६०० तासांची पदवी. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र यात कुठंच बसत नाही.

नोंदणी राज्य पातळीवर होते. महाराष्ट्रात २०११ च्या राज्य कायद्याखाली परावैद्यक परिषद आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं प्रत्येक राज्याला स्वतंत्र राज्य परिषद नेमायला सांगितलं आहे. संक्रमणाच्या या काळात दोन्ही नावं कानावर येतात. ज्या दिवशी अर्ज करणार, त्या दिवशी कोणतं पोर्टल नोंदणी घेतंय ते परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. ‘नोंदणी करून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदारावर विसंबू नका.

आणखी एक मुद्दा, जो अजून गावोगाव पोचलेला नाही. २०२५ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरशिक्षणानं शिकवायला मनाई केली. घरबसल्या रेस्पिरेटरीची पदवी, फक्त परीक्षेला या, असं कुणी सांगत असेल तर तिथंच उठा.

बारावी आणि कागद

फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत. गणिताच्या नादात अकरावीत बायोलॉजी सोडणाऱ्यांसाठी ही वाट तिथंच बंद होते. बहुतेक विद्यापीठं पीसीबी गटात ५० टक्क्यांच्या आसपास गुण मागतात, आरक्षणात सवलत असते. प्रवेश कुठं गुणांवर, कुठं विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेवर होतो, आणि हे नियम दरवर्षी हलतात. त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचावी, मागल्या वर्षीच्या मित्राचं ऐकू नये.

कागदांची तयारी बारावीच्या दिवाळीतच सुरू करा. डोमिसाइल, जात प्रमाणपत्र, जात पडताळणी, नॉन क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला. यातली पडताळणी सगळ्यात वेळखाऊ. वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात नीट लिहिलेली नसेल तर महिने जातात. जूनमध्ये सेतू केंद्रासमोर रांग लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात. चौधरी या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तर एकाच घरातल्या तीन कागदांवर तीन तऱ्हांचं सापडतं. पुढं परदेशाचा विचार असो वा नसो, दहावीचं स्पेलिंग हेच मूळ धरून आधार, पॅन, बँक खातं, पासपोर्ट सगळं त्याला जुळवून घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रातच चूक असेल तर ती शाळेमार्फत बोर्डाकडून आधी दुरुस्त करा. पदवी मिळाल्यावर हे काम दसपट किचकट होतं.

कॉलेज निवडताना

अभ्यासक्रमाचं नाव ठिकठिकाणी वेगळं असतं. कर्नाटकात राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे बीएस्सी रेस्पिरेटरी केअर टेक्नॉलॉजी आहे. मणिपालमध्ये आणि कोचीच्या अमृतामध्ये बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपी शिकवतात. साधारण घडी अशी की तीन वर्षं वर्ग आणि रुग्णालय, चौथं वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रात नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ बीपीएमटी ही पॅरामेडिकल पदवी देतं, तिच्यात वेगवेगळ्या शाखा असतात. बीपीएमटीला प्रवेश घेताना शाखेचं नाव तपासा. ॲनेस्थेशिया (भूल) किंवा ओटी (शस्त्रक्रियागृह) टेक्निशियनची पदवी चांगलीच आहे, पण ती रेस्पिरेटरीची नव्हे. नोंदणीत तुमचा प्रवर्ग पदवीवरच्या नावानं ठरतो.

कॉलेजला फोन करून किंवा प्रत्यक्ष जाऊन पुढचं विचारा, आणि उत्तर कागदावर मागा.

पदवीवर कोणत्या विद्यापीठाचं नाव असेल? ते यूजीसीच्या यादीत आहे का? दुसऱ्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाचं ‘स्टडी सेंटर’ जळगावात असल्याचं सांगितलं तर सावध व्हा. खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अशी केंद्रं वाटता येत नाहीत.

याच अभ्यासक्रमाला, याच शैक्षणिक वर्षासाठी संलग्नतेचं पत्र आहे का? नर्सिंगची मान्यता दाखवून रेस्पिरेटरीचा प्रवेश दिला जातो, ही जुनी युक्ती आहे.

रुग्णालय कॉलेजचं स्वतःचं आहे की करारावर? आयसीयूत किती खाटा, त्यातल्या किती व्हेंटिलेटरच्या? नवजात बालकांचा आयसीयू आहे का? एबीजी यंत्र आयसीयूत आहे की लॅबमध्ये? स्पायरोमेट्री रोज होते का? एका तुकडीत किती विद्यार्थी? साठ विद्यार्थी आणि सहा व्हेंटिलेटर असतील तर तुमच्या वाट्याला बघणंच येणार.

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा: इथून पास झालेल्या दोन माजी विद्यार्थ्यांचे नोंदणी क्रमांक मिळतील का? तो माजी विद्यार्थी कोणत्या राज्यात नोंदला गेला हेही विचारा. या प्रश्नावर जिथं ‘बघू, कळवतो’ असं उत्तर येतं, तिथलं प्रॉस्पेक्टस कितीही गुळगुळीत असलं तरी दुसरं कॉलेज शोधा.

घरापासून लांब जाण्याचा बाऊ अनेक घरांत होतो, विशेषतः मुलींच्या बाबतीत. भुसावळ-जळगावकरांसाठी एक सोय मात्र आहे: मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस इथूनच कोकण रेल्वेनं उडुपीला जाते आणि पुढं एर्नाकुलमला. म्हणजे मणिपालला जा की कोचीला, गाडी बदलावी लागत नाही.

पैशाचं

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राहण्या-जेवण्याची ‘स्वयंम’ योजना, हे सगळं प्रवेश कसा झाला यावर अवलंबून असतं. जुलै २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना महाराष्ट्रात मान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. पण खासगी अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत आणि व्यवस्थापन कोटाही नाही. परराज्यात जाणार असाल तर ही सवलत हिशोबात धरू नका. शैक्षणिक कर्ज ४ लाखांपर्यंत सहसा तारणाशिवाय मिळतं, सरकारच्या कर्ज हमी योजनेत बसलं तर साडेसात लाखांपर्यंत. बँक मान्यतेचं पत्र मागते, म्हणजे वरचे प्रश्न बँकही विचारणारच.

पहिली तीन वर्षं: कशावर हात बसवायचा

पहिलं वर्ष शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन यांत जातं. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. खरं तर ती दोनेक महिन्यांत ओसरते, अडवतं ते फिजिक्स. दाब, आकारमान, प्रवाह, रोध यांचा संबंध पक्का नसेल तर व्हेंटिलेटरवरचे आलेख म्हणजे नुसत्या रेघोट्या. अकरावीतलं वायूंचं प्रकरण पुन्हा काढा आणि उदाहरणं सोडवा.

दुसऱ्या वर्षी ऑक्सिजन, नेब्युलायझेशन आणि स्पायरोमेट्री येतात. नाकातल्या नळीनं मिनिटाला १ लिटर दिला तर रुग्णाला साधारण २४ टक्के ऑक्सिजन मिळतो, पुढच्या प्रत्येक लिटरला ४ टक्के वाढतात, ६ लिटरला ४४ च्या आसपास. त्यापुढं नळीनं देऊन उपयोग नाही, नाक मात्र कोरडं पडतं. पिशवीच्या मास्कला किमान १० लिटर लागतात. कमी दिले की पिशवी चपटी पडते आणि रुग्ण स्वतःचाच सोडलेला श्वास ओढतो. सीओपीडीच्या रुग्णाचं रक्तातल्या ऑक्सिजनच्या संपृक्ततेचं उद्दिष्ट ८८ ते ९२ टक्के. नातेवाईक ९९ दिसावं म्हणून नळ फिरवतात आणि रुग्ण झोपाळू होत जातो, कारण कार्बन डायऑक्साइड साठत असतो. हे नातेवाइकांना समजावणं हाही कामाचाच भाग.

सिलिंडर किती वेळ पुरेल हे गणित परीक्षेत येतं आणि खान्देशात रोज लागतं. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १,५०० लिटर, मोठ्या डी टाइपमध्ये ७,००० लिटर. भरलेल्या सिलिंडरचा दाब १५० धरला आणि काटा १०० वर असेल, तर बी टाइपमध्ये उरले १,००० लिटर. रुग्णाला १० लिटरनं चालू आहे, म्हणजे १०० मिनिटं. धडगावहून घाट उतरून नंदुरबारला पोचायला तीन तास धरा. भरलेला सिलिंडरसुद्धा १५० मिनिटांतच संपेल. म्हणून एक गाडीला, एक जोडीला, आणि निघण्याआधी दोन्हींचे काटे, वॉशर आणि पाना तपासून. वॉशर फाटका निघाला तर भरलेला सिलिंडर असून नसल्यासारखाच, आणि तो तपासायला लागतं एक मिनिट. सिलिंडरच्या तोंडाला तेल किंवा ग्रीस कधी लावू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं.

स्पायरोमेट्रीत यंत्राची तपासणी ३ लिटरच्या सिरिंजनं रोज करायची. चूक ३ टक्क्यांच्या आत, म्हणजे वाचन २.९१ ते ३.०९ मध्ये हवं. रुग्णाकडून किमान तीन स्वीकारार्ह फुंका घ्या, त्यातल्या सर्वोत्तम दोघींत १५० मिलिलिटरहून जास्त फरक नको. चाचणी बिघडते ती बहुधा रुग्णाला नीट न सांगितल्यामुळं. तळोदा-धडगावच्या रुग्णाला इंग्रजाळलेल्या मराठीतल्या सूचना पोचत नाहीत. अहिराणी, भिली, पावरीतले चार शब्द यायला हवेत, आणि फुंकून दाखवायला लाजू नये.

एबीजी हे सगळ्यात कौशल्याचं काम. मनगटाच्या धमनीतून रक्त घेण्याआधी हाताला दुसऱ्या धमनीतून पुरवठा आहे का ते ॲलनच्या चाचणीनं बघायचं. हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेली सिरिंज वापरायची. पातळ हेपारिन जास्त राहिलं तर नमुना पातळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट दोन्ही खोटे कमी दिसतात. हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजनचा आकडा खोटा सुधारतो. सुई काढल्यावर किमान पाच मिनिटं दाबून धरायचं, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याहून जास्त. नमुना अर्ध्या तासात यंत्रात जायला हवा. पडून राहिला तर पेशी ऑक्सिजन खात राहतात. आणि चिठ्ठीवर लिहायचं की रुग्णाला त्या क्षणी किती टक्के ऑक्सिजन चालू होता. ते नसलं तर अहवालातल्या ऑक्सिजनच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

तिसऱ्या वर्षी व्हेंटिलेटर. इथं सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनावरून श्वासाचं आकारमान ठरवणं. फुफ्फुसं उंचीच्या प्रमाणात असतात, पोटाच्या नाही. उंचीवरून वजन काढायचं सूत्र पाठच हवं: पुरुषासाठी ५० अधिक ०.९१ गुणिले (सेंटिमीटरमधली उंची वजा १५२.४), बाईसाठी ५० च्या जागी ४५.५. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं हे वजन ६६ किलो येतं, मग तो काट्यावर ९० भरला तरी. त्याला किलोला ६ मिलिलिटरनं साधारण ४०० पुरतात. ९० वर हिशोब केला तर ५४० जातील, आणि आजारी फुफ्फुसाला तेवढा ताण सोसत नाही. प्लॅटो दाब, म्हणजे श्वास आत गेल्यावर क्षणभर थांबवून मोजलेला दाब, ३० सेंटिमीटर पाण्याच्या आत ठेवायचा. नळी श्वासनलिकेत घट्ट बसवणाऱ्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी, तोही मोजून, बोटानं चाचपून नव्हे. सक्शनची नळी श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको. ८ नंबरच्या नळीला १२ फ्रेंच (सक्शनच्या नळीच्या जाडीचं माप). एका वेळी १५ सेकंदांहून जास्त ओढायचं नाही.

अलार्म वाजला आणि रुग्ण निळा पडत असेल तर यंत्राशी खेळत बसू नये. आधी रुग्णाला यंत्रावरून सोडवून अंबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबायच्या पिशवीनं, १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा. बॅग सहज दबली आणि रुग्ण सुधारला तर दोष यंत्रात किंवा सर्किटमध्ये. बॅग दाबायलाच जड जात असेल तर नळी सरकली आहे, तुंबली आहे किंवा छातीत हवा साठली आहे. नळी आत सरकून उजव्या बाजूला गेली असेल तर डाव्या छातीला श्वासाचा आवाज येत नाही. म्हणून ड्यूटी सुरू होतानाच ओठांजवळचा नळीवरचा आकडा बघून लिहून ठेवायचा.

आपल्या भागातले दोन रुग्ण पुस्तकात जेमतेम परिच्छेदभर असतात, पण त्यांच्यावर बारीक लक्ष हवं. फवारणीच्या विषबाधेत पहिल्या दिवशी लाळ आणि स्राव ओसंडून वाहतात, ॲट्रोपिन या औषधानं ते आवरतात, रुग्ण सुधारल्यासारखा वाटतो. नंतर २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मान, दंड आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. नळी काढण्याची घाई इथंच नडते. रुग्णाला उशीवरून डोकं उचलायला सांगा. मान धरत नसेल तर डॉक्टरांना लगेच कळवा, नळी काढण्याचा विषय तिथंच थांबतो. मण्यारीच्या दंशात उलट: फुफ्फुसं ठणठणीत, फक्त स्नायू बंद. डोळे मिटलेले, अंग हलत नाही, पण रुग्णाला बऱ्याचदा सगळं ऐकू येत असतं. काही दिवस व्हेंटिलेटर नीट सांभाळला तर माणूस उठून घरी जातो. त्याच्या उशाशी काय बोलायचं हेही भान हवं.

सिकलसेलच्या मुलांत छातीदुखीमुळं खोल श्वास घेतला जात नाही आणि फुफ्फुसाचा तळ दबतो. तीन चेंडूंचं साधं स्पायरोमीटर, जागं असताना दर दोन तासांनी १० श्वास. स्वस्त उपाय, पण कुणीतरी समोर उभं राहून करून घेतलं तरच होतो.

इंटर्नशिप

हे वर्ष पाट्या टाकून काढणारेच पुढं मुलाखतीत अडकतात. मेडिकल आयसीयू, सर्जिकल आयसीयू, नवजात विभाग, अपघात विभाग, फुफ्फुस चाचणी कक्ष, असा फेरा पूर्ण व्हायला हवा. एकाच विभागात मनुष्यबळ कमी म्हणून वर्षभर अडकवलं जात असेल तर विभागप्रमुखांना लेखी कळवा. स्वतःची वही ठेवा: तारीख, कोणतं काम, स्वतः केलं की बघितलं, कुणाच्या देखरेखीखाली, सही. रुग्णाचं नाव त्यात लिहू नका. शेवटच्या तीन महिन्यांत बीएलएस आणि एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याचे प्राथमिक आणि प्रगत कोर्स, करून घ्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं, फार आधी केलं तर नोकरीच्या वेळी संपलेलं असतं.

इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख दिवसासकट हवी. ‘एक वर्ष पूर्ण केले’ एवढंच लिहिलेलं पत्र घेऊन कॉलेजातून बाहेर पडू नका.

नोंदणीचा अर्ज

लागणारं साहित्य साधारण हे: दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, आधार, फोटो, सही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र. परराज्यातली पदवी असेल तर विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणांचा अधिकृत उतारा) आणि अभ्यासक्रमाची तासांसह प्रत कॉलेज सोडतानाच घ्या. उडुपीहून ती पुन्हा मागवणं म्हणजे हेलपाटे.

मोबाइलनं काढलेल्या सावलीच्या फोटोमुळं अर्ज परत येतात. कागद स्कॅन करा, मागची बाजू कोरी नसेल तर तीही. पोर्टलनं दिलेल्या मर्यादेत फाइलचा आकार बसवताना अक्षरं वाचता येतायत ना ते बघा. भरलेल्या पैशांची पावती आणि अर्ज क्रमांक दोन्ही जपून ठेवा. त्रुटी काढली तर मुदतीत उत्तर द्या, नवा अर्ज टाकू नका. दोन अर्ज झाले की दोन्ही रखडतात. क्रमांक मिळाल्यावर नाव, पदवी आणि प्रवर्ग अक्षर न् अक्षर वाचा, आणि नूतनीकरणाची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा.

नोकरी शोधताना

जाहिरातीत पदाचं नाव क्वचितच सरळ असतं. आयसीयू टेक्निशियन, व्हेंटिलेटर टेक्निशियन, रेस्पिरेटरी टेक्निशियन, सगळं वाचा. सरकारी भरतीत पात्रतेचा रकाना शब्दशः बघा. तुमच्या पदवीचं नाव तिथं नसेल तर अर्ज करण्याआधी समकक्षतेचं विचारा, निवड झाल्यावर नव्हे. पहिली दोन वर्षं नाशिक, पुणे, मुंबईच्या मोठ्या आयसीयूत काढून मग खान्देशात परतावं, हे जास्त शहाणपणाचं. लहान रुग्णालयात पहिल्याच दिवशी एकटं पडलं की चुकलेलं सांगणारंही कुणी नसतं.

घरी बायपॅप आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पुरवण्याच्या कामालाही वाव आहे. तिथं जळगावचा उन्हाळा लक्षात घ्या. बऱ्याच कॉन्सन्ट्रेटरची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा त्याच्या वर जातो. जिनिंगजवळच्या घरात कापसाच्या तंतूंनी गाळणी आठवड्यात बुजते. वीज गेली तर पुढं काय, याचं उत्तर म्हणून भरलेला सिलिंडर घरात हवाच.

परदेश

आखाती देशांत भारतीय पदवीवर जाता येतं. दुबईसाठी डेटाफ्लो या कंपनीकडून कागदांची पडताळणी आणि प्रोमेट्रिक या कंपनीमार्फत होणारी संगणकावरची परीक्षा, सौदीसाठी तिथल्या आरोग्य आयोगाची नोंदणी. अनुभवाची अट प्रवर्गानुसार बदलते. डेटाफ्लोवाले तुमच्या कॉलेजला आणि जुन्या रुग्णालयाला थेट विचारतात, आणि तिकडून उत्तर गेलं नाही तर पडताळणी लटकते. म्हणून नोकरी सोडताना अनुभवपत्रावर नेमक्या तारखा, पद आणि मनुष्यबळ विभागाचा चालू ईमेल घ्या. रुग्णालय बंद पडलं किंवा मालक बदलला तर तो जुना अनुभव सिद्ध करणं फार अवघड जातं.

अमेरिकेचं वेगळं. तिथं परवाना राज्य देतं आणि त्यासाठी एनबीआरसी या तिथल्या राष्ट्रीय मंडळाची परीक्षा लागते. त्या परीक्षेला बसायला सहसा सीओएआरसी या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. इथली पदवी घेऊन थेट परीक्षेला बसवतो असं सांगून पैसे घेणारे एजंट आहेत. त्यांना आगाऊ रक्कम देण्याआधी एनबीआरसीच्या संकेतस्थळावरच्या पात्रतेच्या अटी स्वतः वाचा. ब्रिटनमध्ये हे काम बहुतांशी फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिकांमध्ये वाटलेलं आहे, त्यामुळं या पदवीच्या भरवशावर तिकडचं गणित मांडू नये.